जाताना लागणारा दिवा

१२ जानेवारी १९८६, रविवार

जीपचा लाल दिवा आज पुन्हा लागला. तात्यारावनं दुपारी गावात येऊन सांगितलं. संध्याकाळी तेरला जाऊन एका दुकानातून फोन लावला, तर उस्मानाबादच्या शीतकरण केंद्रावरच्या सुपरवायझरनंही तेच सांगितलं. आमच्या खामगव्हाणचं दूध उशिरा आलं, दोन कॅनमधलं तापवून पाहिल्यावर फाटलं, परत पाठवलं.

संस्थेची रोजनिशी वेगळी आहे, ती तपासनीस बघतात. ही माझी.

जीप आमच्या दूध संस्थेची. सरकारी लिलावात जुनी घेतली. घ्यायचा आग्रह माझाच होता, सचिव म्हणून. सकाळी गावातलं दूध गोळा करायचं, कॅन जीपमध्ये भरायचे आणि उस्मानाबादला पोचवायचं. तात्याराव चालवतो. डॅशबोर्डावर ऑइलचा एक लाल दिवा आहे. तो लागला म्हणजे इंजिनात ऑइल फिरत नाही, तसंच चालवलं तर इंजिन जाम होतं, असं तात्याराव सांगतो. म्हणून दिवा लागला की तो गाडी बाभळीखाली घेतो, बॉनेट उघडतो, बिडी पेटवतो आणि इंजिन गार व्हायची वाट बघतो. इंजिन गार होतं, दूध तापतं.

अजून जानेवारी आहे म्हणून दोनच कॅनवर भागलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

तात्यारावबरोबर मीही गेलो. केंद्रावर दूध उतरवलं आणि तसेच रामलिंग शेठच्या गॅरेजवर गेलो. चेअरमन शरणप्पा अण्णांनी बजावून सांगितलं आहे की गाडी दुसरीकडं न्यायची नाही. शेठ त्यांच्या नात्यागोत्यातले, लिंगायत समाजातले, आणि गॅरेजही मोठं आहे. शेठनी दोन फेऱ्या मारून बघितलं, दिवा लागला नाही. तरी ते म्हणाले, एकदा तक्रार आली म्हणजे पंप बदललेला बरा.

पंप बदलेपर्यंत आम्हाला घरात बोलावलं. गॅरेजच्या मागंच घर आहे. शेठाणींनी तिळाच्या पोळ्या दिल्या. माणसं फार अगत्याची. शेठाणींनी अण्णांच्या घरची सगळी चौकशी केली. जमीन किती, बागायत किती, मुलगी महानंदा काय शिकली, घरात कामाला कशी आहे. मीही मोकळेपणानं सांगितलं. मुलगी मॅट्रिक आहे, आमच्या संस्थेत दुधाचं फॅट तीच काढते, हिशेबाला पक्की. विहिरीला यंदा पाणी राहिलेलं नाही, तेही सांगितलं. कुणाच्या राहिलंय?

येताना दिवा लागला नाही. पंपाचा गुण आला.

गावात आल्यावर अण्णा ओट्यावर वाट बघत बसले होते. पंपाचं काही विचारलं नाही. घरात कोण कोण होतं, शेठाणी काय म्हणाल्या, थोरला मुलगा समोर आला का, हेच विचारत राहिले. विहिरीचं ऐकल्यावर कपाळाला हात लावला.

"विहिरीचं कशाला काढलंस, मच्छिंद्र? तू गाडी घेऊन गेला हुतास का पंचनामा करायला?"

१९ जानेवारी, रविवार

दिवा लागला. तेरच्या अलीकडच्या चढावर. येताना लागला नाही. तात्याराव म्हणतो, गाडीला गावाकडं यायची ओढ आहे, बैलासारखी.

पंप नवा आहे, तरी लागतो. कॅन परत आले नाहीत एवढंच समाधान.

२ फेब्रुवारी, रविवार

सोयरीक जुळल्यातच जमा आहे. महानंदा आणि रामलिंग शेठचा थोरला मुलगा. वैशाखात लग्न धरायचं म्हणतात. अण्णांनी मला स्वतः बोलावून सांगितलं, आणि हेही सांगितलं की शेठनी एक पैसा हुंडा मागितलेला नाही. फक्त म्हणाले, संस्थेच्या गाडीचं काम आमच्याकडं राहू द्या, बाकी काही नको. दुष्काळाच्या वर्षात अशी माणसं मिळणं कठीण. घरी आल्यावर बायकोला, केशरला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग जीप काय द्यायला जाती तिथं?"

दुरुस्तीला जाते, म्हणालो. ती हसली. केशर काहीही बोलते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

यावेळी बेअरिंग. बेअरिंगबरोबर आणखी चार नावं शेठनी बिलात लिहिली आहेत, त्यातली दोन तात्यारावनंही ऐकलेली नाहीत. जानेवारीपासूनच्या बिलांत एक चांगली जर्सी कालवड दावणीला आली असती. रक्कम लिहीत नाही, डोक्यातून जात नाही ती वेगळीच.

मी शेठना साधी गोष्ट विचारली. बदललेले जुने भाग द्या, संस्थेत ठेवतो, सभासद विचारतात. सहकार खात्याच्या प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवलं आहे. त्यांचा मुलगा आत निघून गेला. आलेला चहा तसाच गार झाला, कुणी घ्या म्हटलं नाही. जुने भाग भंगारात गेले, असं सांगितलं.

माझं काय चुकलं ते कळलं नाही. आवाजही चढवला नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांपर्यंत माझ्या आधी बातमी पोचली होती. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाले, होणाऱ्या व्याह्याला हिशेब विचारत नसतात. पानाचा विडा दिला तरी त्यात काय घातलंय ते उघडून बघत नसतात. मी म्हणालो, व्याही तुमचे आहेत, गाडी संस्थेची आहे. ते माझ्याकडं असं बघायला लागले, जसं काही मी कानडीत बोललो. मग म्हणाले, बिल मंजूर करून टाक.

केलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जाताना लागला. येताना नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळंच दूध परत आलं. एकूण एक कॅन. ऊन आत्ताच असं पडतंय की शिवार भाजल्यासारखं दिसतं. वाटेत दिवा तीन ठिकाणी लागला, तात्याराव तीन ठिकाणी थांबला. मी त्याला बोललो. तो म्हणाला, "मालक, न थांबता हाणली आन् इंजिन बसलं, तर तुमी म्हनताल तात्यानं मारलं. म्या थांबनार." त्याचंही बरोबर आहे. आणि मला मालक म्हणतो तो फक्त चिडल्यावर.

सुपरवायझरनं मला केंद्रावर बोलावून समजावलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, मार्चअखेरपर्यंत दूध वेळेवर आलं नाही तर खामगव्हाणची फेरी संस्थेकडून काढून ठेकेदाराला द्यावी लागेल. ठेकेदार म्हणजे ढोकीचा बब्रुवान. त्याच्याकडं टेंपो आहे, बर्फाच्या पेट्या आहेत.

बब्रुवान आमच्या गावात पूर्वीही दूध घ्यायचा. चौकात टेंपो उभा करायचा. आमच्या बौद्धवस्तीतलं दूध घेत नसे. भांडण नाही, शिवी नाही. हसून सांगायचा, तुमचं दूध चांगलं असतं बाबा, पण हॉटेलवाले विचारतात कुठलं म्हणून. मग आमच्या बायका ते घरीच विरजायच्या, ताक जनावरांना जायचं. संस्था सुरू झाली त्या दिवशी आमच्या म्हशीचं दूध आणि अण्णांच्या घरचं दूध मी स्वतः एकाच कॅनमध्ये ओतलं. लोक बघत होते. काही झालं नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आपापली भांडी घेऊन आले.

यंदा शेतात काहीच नाही. रोजगार हमीची खडी आणि हे दूध, एवढ्यावर वस्तीतली अकरा घरं आहेत. फेरी गेली तर अण्णांचं दूध बब्रुवान घेईल. आमचं नाही.

४ मार्च, मंगळवार

शेठनी आज सांगितलं की आता इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय इलाज नाही. पंधरा दिवस गाडी ठेवावी लागेल, थोडे जास्तच धरा म्हणाले. दिवा त्यांच्यासमोर आजही लागला नाही. केंद्रावर दूध उतरवून गॅरेजवर गेलो की हा दिवा शहाण्या पोरासारखा गप्प बसतो.

भाड्यानं दुसरी गाडी मिळेल का म्हणून तेर आणि ढोकी दोन्हीकडं फिरलो. ट्रॅक्टर सगळे पाण्याच्या टँकरला जुंपलेत. अण्णा म्हणाले, पंधरा दिवस बब्रुवान नेईल की. मी विचारलं, आणि आमच्या वस्तीचं? ते म्हणाले, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे.

गाडी परत येईतो मार्च संपलेला असेल आणि केंद्रावरच्या फळ्यावर बब्रुवानचं नाव असेल. हे त्यांना कळत नसेल का? कळत असेल. मग? हे लिहिताना दोनदा उठून अंगणात फेऱ्या मारल्या. केशर म्हणाली, बसा तरी, न्हायतर म्हशीला पाणी तरी दावा.

गाडी सोमवारी, सतरा तारखेला गॅरेजला द्यायची ठरली.

९ मार्च, रविवार

आज येताना दिवा लागला. आजपर्यंत येताना कधी लागला नव्हता. म्हणजे दुखणं वाढलं.

झालं असं की केंद्राच्या बोअरला पाणी चांगलं आहे. सुपरवायझरला विनंती केली, कॅन धुऊन त्यातच पाणी भरून घेतलं. गावात टँकर तीन दिवस आलेला नाही. सगळे कॅन काठोकाठ भरले. तेर मागं पडलं आणि दिवा पेटला. तात्याराव थांबला. मी म्हणालो, थांबू नको, दूध नाही, पाणी आहे. तो तरीही थांबला. आम्ही बाभळीखाली बसलो. मला रडू यायचं बाकी होतं. जाताना लागून लागून आता येतानाही.

पाणी वाटताना मात्र गाव गोळा झालं. कधी नव्हे ती जीपची स्तुती झाली.

१० मार्च, सोमवार

मी मूर्ख आहे. हे पहिल्यांदा लिहून ठेवतो.

सकाळी महानंदा फॅट काढत होती. तिला मी कालचं सांगत होतो, येतानाही दिवा लागला म्हणून. ती नळीकडं बघत म्हणाली, "काल येताना गाडी भरलेली होती ना, काका?"

मी तात्यारावला हाक मारली. दूध भरलेलं होतंच. जीप जागेवर सुरू केली. दोघं तिघं मागच्या फळीवर चढून बसले, दिवा लागला. उतरले, विझला. चढले, लागला. पोरांनी तर खेळच मांडला. तात्याराव बॉनेटमध्ये डोकं घालून होता. इंजिनाकडून डॅशबोर्डाकडं येणारी एक बारीक वायर पत्र्याच्या भोकातून जाते. भोकाला रबराची चकती असते ती कधीच पडून गेली आहे. मागं वजन आलं की गाडी मागं बसते, वायर ओढली जाते आणि सोललेली जागा पत्र्याला टेकते. टेकली की दिवा लागतो. ऑइलला काही झालेलं नाही. पंपाला काही झालेलं नव्हतं. बेअरिंगला काही झालेलं नव्हतं.

सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वायरीला गुंडाळला आणि सुतळीनं बांधला. भरलेली गाडी उस्मानाबादला एका दमात गेली. मी सोबत गेलो होतो. पूर्ण रस्ताभर त्या काळ्या काचेकडं बघत होतो.

तात्याराव म्हणाला, आता बिडी कधी वढायची?

१२ मार्च, बुधवार

काल आणि आजही दिवा नाही. दूध वेळेवर.

आनंदानं अण्णांना सांगायला गेलो होतो. वायर होती, इंजिन उघडायची गरज नाही, फेरी वाचली. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या सांगण्यात काही राहिलं असेल म्हणून मी पुन्हा सांगितलं, भोक, चकती, ट्यूब. ते म्हणाले, हे अजून कुणाकुणाला माहीत आहे? मी म्हणालो, सगळ्या गावाला, पोरं फळीवर उड्या मारत होती.

मग ते म्हणाले की इंजिनाचं काम तरी करून घेऊ, जुनी गाडी आहे, कधी ना कधी करायचंच. शेठनी सामान मागवलंय. थोरल्या मुलासाठी वेगळी शेड घालायची ठरलीय, पायासुद्धा खणला, सगळं या कामाच्या भरवशावर.

शेडचा आणि आपल्या इंजिनाचा काय संबंध, हे मी विचारलं. ते उठून आत गेले. मुलीचा बाप काळजीत असतो, त्याला बरंवाईट सुचत नाही. वाटलं, एकदोन दिवसांत ठीक होतील.

१५ मार्च, शनिवार

आज शरणप्पा अण्णा आमच्या घरी आले.

बौद्धवस्तीत ते मतं मागायला येत, समाजमंदिराच्या ओट्यापर्यंत. घरात कधी नाही. आज ते दारातून वाकून आत आले आणि वाकळेवर बसले. केशरनं चहा केला. मला वाटलं तिनं विचारावं, चालेल का म्हणून. तिनं विचारलं नाही, सरळ कपबशी पुढं केली. त्यांनी घेतला. बशीत ओतून, सावकाश. केशरनं न विचारता आणखी ओतला, तोही घेतला.

मला म्हणाले, "मच्छिंद्रराव, तुमी संस्था उभी केलीत. तुमी म्हणाल ते आजवर मी ऐकलं. एवढं एक माझं ऐका. गाडी सोमवारी जाऊ द्या."

मला आयुष्यात पहिल्यांदा ते तुम्ही म्हणाले. राव लावलं.

ते खरंच घायकुतीला आलेले दिसले. मुलीचं ठरलेलं मोडलं तर या दुष्काळात दुसरं स्थळ कुठून आणणार, गावात तोंड कसं दाखवणार, असं बोलत होते. बब्रुवानशी स्वतः बोलतो, वस्तीचंही दूध घ्यायला लावतो, हा शब्द दिला. उंबऱ्याबाहेर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. वस्तीतले सगळे बघत होते. शेजारच्या कस्तुराबाईनं नंतर विचारलं, आज काय सण आहे का तुमच्याकडं.

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

१६ मार्च, रविवार

केशर म्हणते, "दोन कप च्यात आकरा घरांचं दूध गेलं."

मी म्हणालो, ते माणूस म्हणून आले. तीस वर्षांत पहिल्यांदा. तू हे का बघत नाहीस?

ती म्हणाली, "बघतीया की. बब्रुवाननं दूध घेतलं न्हाय तर येतील का परत च्या प्यायला?"

मी चिडलो. बाहेर जाऊन जीप पुसत बसलो. पुसायला काही नव्हतं. आतली गादी उचलून झटकली, परत ठेवली, परत उचलली. ढोकीला जायला सायकल काढली होती, बब्रुवानला तोंडावर विचारावं म्हणून, आणि गेलोही. तो टेंपो धूत होता. पाण्यानं. आमच्याकडं प्यायला नाही आणि हा चाकं धुतो. शरणप्पा अण्णा बोलले का तुमच्याशी, विचारलं. बोलले म्हणाला, सोमवारपासून गावात येणार आहे. आणि वस्तीचं? तो पूर्वीसारखाच हसला. म्हणाला, अण्णा म्हणाले खरं, पण हॉटेलवाले अण्णांना ओळखत नाहीत ना.

परत येताना सायकल चालवायचं भान नव्हतं. शेठबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांच्यासमोर दिवा लागतच नव्हता, ते तरी काय करणार. पण पंप काढून बघितल्यावर तो चांगला आहे हे त्यांना दिसलं असेल. बेअरिंगही दिसली असेल. मग भंगारात का टाकली?

हे मी आज पहिल्यांदा विचारलं, आणि तेही वहीला.

१७ मार्च, सोमवार

सकाळी तात्याराव किल्ली मागायला आला. कुठं जायचं, विचारलं. केंद्रावर दूध उतरव आणि सरळ परत ये, गॅरेजला नको, म्हणालो. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. चौकात बब्रुवानचा टेंपो आला होता. भांडी घेऊन बायका निघाल्याच होत्या, जीप दिसल्यावर नेहमीच्या ओट्याकडं वळल्या. बब्रुवान हॉर्न वाजवून निघून गेला.

मग मी अण्णांकडं गेलो. गाडी जाणार नाही, सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"मंग पोरीला तूच सांग," म्हणाले.

'तुम्ही' म्हणणं संपलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी लागलं.

महानंदा ओट्यावर काचेच्या नळ्या धूत होती, वाटीभर पाण्यात, एकच पाणी पुन्हा पुन्हा वापरत. मी सगळं सांगितलं आणि फार वाईट सांगितलं. शेडपासून सुरुवात केली, मध्येच पंपावर गेलो, मग माझ्या घरच्या चहावर. ती ऐकत होती. म्हणाली, "आप्पांनी खरंच च्या घेतला तुमच्यात?"

वडिलांना ती आप्पा म्हणते. दोनदा घेतला, म्हणालो.

"घरी एकदाच घेतात." नळी उलटी करून ठेवली. मग मान खाली घालून दुसरी धुवायला घेतली. मला वाटलं, रडते की काय. रडत नव्हती. "काका, त्यांनी आमच्याकडं हुंडा मागितला असता तर आप्पांनी शेत विकलं असतं आन् मला दिसलं असतं. हे मला दिसू न्हाय म्हणून गावाच्या दुधातनं चाललंय."

मी म्हणालो, असं नाही, शेठनी तर एक पैसा... आणि तिथंच थांबलो. केशर भाकरी थापता थापता काय म्हणाली होती ते आत्ता कळलं. दीड महिना उशिरा.

महानंदा म्हणाली, "त्यांना निरोप द्या. गाडी पाहिजे का मी, हे एकदा तोंडानं सांगा म्हणावं. काय बी सांगितलं तरी मला चालंल. पण आडून न्हाय."

१८ मार्च, मंगळवार

निरोप कुणी द्यायचा? तात्याराव म्हणाला, मी देतो, माझं काय जाणार, फार तर चहा मिळणार नाही. दूध उतरवून तो गॅरेजवर गेला. जीप लांब उभी करून, चालत. शेठ दुकानात होते, आतून मुलगाही आला. तात्यारावनं निरोप जसाच्या तसा सांगितला. शेठ लालबुंद झाले. हे मुलीचं बोलणं आहे की त्या सचिवाचं, विचारलं. मुलीचं, तात्याराव म्हणाला. मुलगा काय म्हणाला, मी विचारलं. मुलगा पान्हा घेऊन उभा होता, त्यानं पान्हा खाली ठेवला, एवढंच तात्यारावनं बघितलं. त्याचा अर्थ काय धरायचा ते दोघांनाही ठरवता आलं नाही.

शेठ म्हणाले, गुरुवारी मी स्वतः येतो.

१९ मार्च, बुधवार

दिवसभर एका जागी बसवलं नाही. दूध वेळेवर गेलं. सुपरवायझरनं तात्यारावजवळ निरोप दिलाय की असंच महिनाअखेर चाललं तर फेरी संस्थेकडंच राहील. हे ऐकून नाचायला हवं होतं. मी संस्थेचा ओटा झाडला, मग परत झाडला.

महानंदाचं मोडलं तर गाव मला म्हणेल, याच्यामुळं मोडलं. काहीजण आत्ताच म्हणतात. पाणवठ्यावर केशरच्या कानावर आलं, मच्छिंद्रला दोन वर्षं गादीवर बसवलं तर चेअरमनच्या घरात हात घातला. केशरनं घागर भरली आणि आली. त्यांना काय उत्तर दिलं विचारलं तर म्हणाली, पाणी संपलं असतं बोलत बसले असते तर.

मोडलं नाही, तर? तर ती त्या घरात जाईल आणि शेठाणी तिला रोज हा निरोप ऐकवतील. मी तिचं भलं केलं की वाईट, हे मला कळत नाही. तिला विचारलं असतं, पण ती आज कामात होती.

संध्याकाळी अण्णा संस्थेत आले. दोन दिवसांनी प्रथमच. माझ्याकडं न बघता ओट्यावर उभे राहिले. शेठना घरी माजघरात बसवायचं, चार माणसांत बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. महानंदानं ते मानलं नाही. दूध जिथलं, बोलणं तिथंच, म्हणाली म्हणे. त्यांनी हे सांगितलं आणि माझ्याकडून काहीतरी ऐकायची वाट बघत थांबले. मी केरसुणी कोपऱ्यात ठेवली.

मग विचारलं, "खुर्च्या किती हायत संस्थेत?"

दोन, म्हणालो.

"त्यांचा पोरगाबी येणार हाय. आजून दोन लागतील." थोडं थांबून, "वस्तीतनं आणा."

आणा म्हणाले. आण नाही. घाईत म्हणाले असतील.

एक आमच्याच घरची आहे, तिचा एक पाय बुटका आहे, त्याखाली चपटा दगड लावून बघितला, बसतो. दुसरी कस्तुराबाईकडून मागून ठेवली. केशर म्हणाली, बुटक्या पायाची तुम्हाला ठेवा. म्हणजे मलाही बसायचं आहे, हे तिनंच ठरवलं.

उद्या पहाटे नेहमीसारखं दूध भरायचं, तात्याराव उजाडायच्या आत निघेल. अकराच्या एसटीनं शेठ आणि त्यांचा मुलगा फाट्यावर उतरतील. तिथून ओट्यापर्यंत चालत यायला वेळ लागत नाही. महानंदा तोच प्रश्न विचारणार आहे, गाडी पाहिजे का मी, आणि उत्तर शेठनी नाही, मुलानं द्यायचं, असं ती आज सकाळी आईला सांगत होती.